बावीसपैकी आठ कोरडे : एका मोटरहोमच्या चेसिस ग्रीसिंगचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका सेवानिवृत्त दांपत्याच्या मोटरहोमचे आहे. ओळख पटू नये म्हणून गाडीची बनावट, ठिकाण आणि तारखा दिलेल्या नाहीत. मात्र चेसिसची रचना सांगितल्याशिवाय पुढचा निर्णयक्रम समजणार नाही, म्हणून तेवढी सविस्तर देतो. गाडी बसच्या धर्तीची होती: डिझेल इंजिन मागे, एअर सस्पेन्शन, दोन्ही ॲक्सलना ड्रमचे एअर ब्रेक, आणि पुढे अखंड ॲक्सल, ज्याच्या दोन्ही टोकांना किंगपिन नावाच्या उभ्या खुंटीभोवती नकल (चाक धरणारे भाग) फिरतात आणि चाके वळतात. इंजिन मागे असल्यामुळे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या ॲक्सलला ताकद पोहोचवणारा दांडा, अगदी आखूड होता. आखूड शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (अधिक चिन्हाच्या आकाराचे सांधे) बहुधा जास्त कोनात काम करतात, आणि त्यांच्या कपांमधल्या सुयांसारख्या रोलरना ग्रीसची उणीव लवकर जाणवते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडली.

दांपत्याने गाडी वापरलेली विकत घेतली त्याला तीन वर्षे झाली होती. वर्षातून एक-दोन लांबचे प्रवास, मिळून चार-पाच हजार किलोमीटर, आणि उरलेले महिने गाडी एका जागी उभी, असा त्यांचा वापर होता. देखभालीत हयगय मुळीच नव्हती. दरवर्षी प्रवासाआधी गाडी एका वर्कशॉपमध्ये जाई, ऑइल आणि फिल्टर बदलले जात, आणि पावतीवर तिन्ही वर्षी एकच ओळ होती: ‘चेसिस ग्रीसिंग – केले.’

चेसिस निर्मात्याच्या पुस्तिकेत ग्रीसिंगची मुदत सहा महिने किंवा दहा हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते, अशी दिलेली होती. वर्षाला पाच हजार किलोमीटरसुद्धा होत नाहीत, तेव्हा वर्षातून एकदा ग्रीसिंग म्हणजे गरजेपेक्षा जास्तच, असे मालकांना प्रामाणिकपणे वाटत होते. ‘जे आधी होईल ते’ या चार शब्दांकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते. किलोमीटरचा आकडा मनात राहतो आणि महिन्यांचा विसरला जातो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. मोटरहोमसाठी मात्र महिन्यांचाच आकडा महत्त्वाचा असतो. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट द्रव्याच्या जाळ्यात धरून ठेवलेले तेल. उभ्या गाडीत हे तेल हळूहळू जाळ्यातून निथळते, वजनाखालच्या पृष्ठभागांमधला थर दाबला जाऊन बाजूला सरकतो, सांध्यात दमटपणा शिरतो, आणि सांधा हलत नसल्यामुळे थर पुन्हा पसरत नाही.

तक्रार

तिसऱ्या वर्षीच्या प्रवासात पतींना जाणवू लागले की वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. ते हाताने ओढून परत आणावे लागते. सरळ रस्त्यावर गाडी किंचित एका बाजूला जाई, ती सावरली की दुसऱ्या बाजूला जाई, आणि दिवसभर अशी लहानलहान दुरुस्ती करून खांदे भरून येत. पार्किंगमध्ये सावकाश वळताना पुढून कण्हल्यासारखा आवाज येई. पत्नींनी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली होती: गाडी थांब्यावरून निघताना मागच्या पलंगाखालून चिमणीच्या चिवचिवाटासारखा बारीक, चाकाच्या गतीबरोबर वाढणारा आवाज येतो आणि वेग वाढला की ऐकू येईनासा होतो. ही नोंद कोणत्याही वर्कशॉपला सांगितली गेली नव्हती, कारण तक्रार स्टिअरिंगची होती आणि आवाज मागून येत होता.

माझ्याकडे विषय येईपर्यंत तीन उपाय होऊन गेले होते. टायरमधला हवेचा दाब प्रत्यक्ष वजनाप्रमाणे जुळवला होता, जे योग्यच होते. पुढचे दोन्ही टायर बदलले होते, आणि अलाइनमेंट दोनदा करून घेतली होती. दुसऱ्या अलाइनमेंटच्या कागदावर सगळी मापे मर्यादेत होती. शेवटी स्टिअरिंगला डॅम्पर (हालचालीला विरोध करून ती मंदावणारा भाग) बसवून घ्या, असा सल्ला मिळाला तेव्हा पत्नींना तो पटला नाही. जी गाडी पहिली दोन वर्षे सरळ जात होती, तिला आता नवा भाग का लागावा, असा त्यांचा प्रश्न होता. या प्रकरणातला पहिला योग्य निर्णय त्या प्रश्नाचा होता.

मी अवजड वाहनांच्या देखभालीत बरीच वर्षे काम केलेले आहे. अलाइनमेंट मर्यादेत असूनही स्टिअरिंग परत येत नसेल, तर कुठेतरी घर्षण वाढले आहे, हा माझा पहिला तर्क होता. कॅस्टर कोनामुळे, म्हणजे किंगपिनच्या मागे झुकण्यामुळे, चाकांना सरळ होण्याची ओढ मिळते. पण ती ओढ मर्यादित असते, आणि किंगपिन किंवा स्टिअरिंग शाफ्टचा सांधा आवळून बसला की ती त्याच्यापुढे कमी पडते.

पहिली तपासणी

खाली शिरण्याआधीचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा होता, म्हणून तो आधी सांगतो. एअर सस्पेन्शनच्या गाडीची बॉडी हवेच्या फुग्यांवर तोललेली असते. नळी फुटली किंवा व्हॉल्व्ह सुटला तर ती काही क्षणांत खाली बसते, आणि चेसिस व जमीन यांच्यामध्ये माणसाला पुरेशी जागा उरत नाही. मोटरहोमला स्वतःचे लेव्हलिंग जॅक असतात, पण ते उभ्या गाडीची पातळी साधण्यासाठी असतात, माणूस खाली असताना वजन पेलण्यासाठी नसतात. म्हणून आम्ही काम पिटवर (गाडीखाली उभे राहण्याच्या खड्ड्यावर) केले, चेसिसला निर्मात्याने दाखवलेल्या जागी पुरेशा क्षमतेचे स्टँड दिले, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले आणि मगच खाली गेलो. याला पाऊण तास लागला. तो वाचवण्याचा विचारही कोणी करू नये.

पुस्तिकेतल्या तक्त्याप्रमाणे या चेसिसवर २२ ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस गनने सांध्यात ग्रीस भरण्याची बारीक तोंडे, होते. किंगपिनचे चार, म्हणजे प्रत्येक बाजूला वर एक आणि खाली एक. टाय रॉडच्या (पुढची दोन चाके एकमेकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकांचे दोन. ड्रॅग लिंकचे (स्टिअरिंग बॉक्स चाकाला जोडणाऱ्या दांड्याचे) दोन. स्टिअरिंग शाफ्टचे दोन क्रॉस आणि एक सरकता सांधा मिळून तीन. चार चाकांचे स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकचा कॅमशाफ्ट फिरवणारे हात) चार. ब्रेकच्या कॅमशाफ्टच्या बुशांचे (दांडा ज्यात फिरतो त्या अस्तराच्या नळ्यांचे) चार. आणि प्रोपेलर शाफ्टचे दोन क्रॉस व स्लिप योक (लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता सांधा) मिळून तीन. इंग्रजी पुस्तिकांत निपलला अनेकदा ‘झर्क’ म्हटलेले असते, ते ऑस्कर झर्क यांच्या नावावरून. त्यांना या निपलचे पेटंट १९२९ मध्ये मिळाले. निपलच्या तोंडाशी स्प्रिंगवर टेकलेली बारीक गोळी असते. ती ग्रीस आत जाऊ देते आणि परत येऊ देत नाही, त्याचप्रमाणे तोंडावरची मातीही ग्रीसबरोबर आत जाऊ देते, म्हणून गन लावण्याआधी निपल पुसणे हा कामाचाच भाग आहे.

आम्ही एकही पंप न मारता आधी सगळे निपल नुसते पाहिले आणि प्रत्येकाची स्थिती लिहून काढली. चौदा निपलांच्या तोंडावर ताजे ग्रीस होते. आठांवर वाळलेल्या चिखलाचा अखंड थर होता, म्हणजे त्यांना कोणाची गन वर्षानुवर्षे लागलेली नव्हती. ते आठ असे: वरचे दोन्ही किंगपिन, स्टिअरिंग शाफ्टचे तिन्ही आणि प्रोपेलर शाफ्टचे तिन्ही.

ही यादी कागदावर उतरली तेव्हा कारणही तिच्यातच दिसले. गाडी उभी आहे तशीच ठेवून, सरळ नळीच्या गनने, पाठीवर पडून जिथे हात पोहोचतो तिथे ग्रीस झाले होते. वरच्या किंगपिनसाठी चाक एका टोकापर्यंत वळवावे लागते. क्रॉसचा निपल शाफ्ट फिरवल्याशिवाय समोर येत नाही; त्यासाठी गिअर न्यूट्रल आणि पार्किंग ब्रेक मोकळा हवा, त्यासाठी आधी ठोकळे हवेत. स्टिअरिंग शाफ्टसाठी पुढचे झाकण काढून लवचिक नळी वापरावी लागते. ज्याने हे काम केले त्याने फसवणूक केली असे मी म्हणणार नाही. त्याला गाडी एकाच स्थितीत मिळाली, त्या स्थितीत जे दिसले ते त्याने केले, आणि पावतीवर संपूर्ण गाडीसाठी एकच चौकोन होता.

खालच्या दोन किंगपिनांनी आणखी एक धडा दिला. त्यांच्या निपलांवर ताजे ग्रीस होते, पण थ्रस्ट बेअरिंगच्या (नकलवरचे उभे वजन पेलणाऱ्या बेअरिंगच्या) कडेला, जिथून जुने ग्रीस बाहेर पडायला हवे, तिथे कोरडी धूळ होती. गन लावली गेली होती. ग्रीस आत गेले नव्हते. ते कपलरच्या (गनचे निपलवर बसणाऱ्या टोकाच्या) बाजूने बाहेर सांडले आणि पुसले गेले असावे. म्हणजे आमच्या चौदामधलेही सगळे विश्वासार्ह नव्हते.

यानंतर पुढचा ॲक्सल उचलून ड्रॅग लिंक एका टोकाने सोडवली, म्हणजे चाके स्टिअरिंग बॉक्सपासून वेगळी झाली. डावे-उजवे नकल हाताने फिरवले तर ते सलग, सारख्या जोराने फिरायला हवेत; इथे उजव्या बाजूला जड, अडखळत चालणारी हालचाल होती. स्टिअरिंग बॉक्स स्वतः मोकळा होता, मात्र वरच्या शाफ्टचा एक क्रॉस एका दिशेत आवळलेला होता. मग चाक वर-खाली धरून हलवले. प्ले (सांध्यातली ढिलाई) जाणवला, पण तो व्हील बेअरिंगचा की किंगपिनचा, हे नुसत्या हाताने कळत नाही. सहकाऱ्याला ब्रेक दाबायला सांगितले. ब्रेक दाबला की ड्रम आणि नकल एक होतात आणि बेअरिंगचा प्ले नाहीसा होतो; जो उरतो तो किंगपिनचा. उजवीकडे थोडा उरला. डायल गेजने मोजल्यावर तो ॲक्सल निर्मात्याच्या मर्यादेच्या आत, पण तिच्यापासून फार दूर नाही, असा निघाला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दोन्ही बाजूंचे किंगपिन आणि बुश लगेच बदलण्याचा होता. तो सर्वांत निर्णायक, पण काम मोठे: नकल उतरवणे, जुने पिन काढणे, बुश आतून मापात घासणे (रीम करणे) आणि नंतर पुन्हा अलाइनमेंट. प्ले मर्यादेत असताना हे करणे म्हणजे आजाराचे नाव ठरण्याआधी शस्त्रक्रिया करण्यासारखे झाले असते. दुसरा पर्याय सगळ्या निपलांना नेहमीप्रमाणे ग्रीस देऊन गाडी परत देण्याचा. तो सोपा होता, पण बंद पडलेल्या वाटेने ग्रीस जातच नाही, हे खालच्या किंगपिनांनी आधीच दाखवले होते. डॅम्परचा पर्याय मी विचारातही घेऊ नका असे स्पष्ट सांगितले, कारण त्याने आणखी एक विरोध जोडला जातो आणि मूळ घर्षण तसेच वाढत राहते.

आम्ही ठरवले ते असे: प्रत्येक सांधा जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत मोकळा करायचा, मग पुन्हा मोजायचे, आणि कोणत्या स्थितीत भाग उघडायचा याची अट आधीच लिहून ठेवायची. अटी दोन होत्या. किंगपिनचा प्ले ग्रीस भरल्यावर मर्यादेबाहेर गेला, तर बुश बदलायचे. आणि कोणत्याही क्रॉसच्या चार कपांपैकी एकातूनही ग्रीस बाहेर आले नाही, तर तो क्रॉस काढायचा. अट आधी लिहिली नाही, तर संध्याकाळी थकल्यावर ‘तीन कपांतून आले, चौथ्यातूनही जात असेल’ असे मन सांगू लागते.

ग्रीस कोणते, हाही निर्णय सोपा नव्हता. जुन्या सांध्यांवर लाल आणि निळसर अशी दोन रंगांची ग्रीस दिसत होती. रंग हा उत्पादकाने घातलेला असतो. त्यावरून आतले घट्ट द्रव्य लिथियमचे, कॅल्शियमचे, पॉलियुरियाचे की मातीवर आधारित, हे कळत नाही. न जुळणारी ग्रीस एकत्र आली की मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकते किंवा घट्ट होऊन वाट बंद करू शकते. पुस्तिकेत लिथियम कॉम्प्लेक्स, अतिदाब सहन करणारे, एनएलजीआय २ श्रेणीचे ग्रीस सांगितले होते. एनएलजीआयचा आकडा केवळ घट्टपणा सांगतो: श्रेणी २ मध्ये प्रमाणित शंकू २५ अंश सेल्सिअसला पाच सेकंदांत २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुततो. गुणवत्ता त्यातून समजत नाही. त्यासाठी डब्यावर जीसी-एलबी ही खूण पाहावी, यातले एलबी चेसिससाठी आणि जीसी व्हील बेअरिंगसाठी असते. जुने ग्रीस कोणते हे ठरवता येणार नसल्यामुळे आम्ही पुस्तिकेतलेच घेतले, रंग पूर्ण बदलेपर्यंत जुने बाहेर काढायचे ठरवले, आणि ५०० किलोमीटरनंतर तेच पुन्हा करायचे असे वेळापत्रकात घातले.

प्रत्यक्ष काम

हाताची लिव्हर गन निवडली, हवेवर चालणारी नाही. हाताला विरोध जाणवतो. हवेच्या गनला जाणवत नाही. कामाआधी दहा पंप कागदावर मारून वजन केले, ते नऊ ग्रॅम भरले, म्हणजे आमच्या गनचा एक पंप एक ग्रॅमपेक्षा थोडा कमी. प्रत्येक गनचे हे माप वेगळे असते, म्हणून दुसऱ्याच्या अनुभवातले ‘पाच पंप पुरतात’ आपल्या गनला लागू पडेलच असे नाही. हातगनमध्येही काहीशे बारचा दाब तयार होऊ शकतो. नळी झिजलेली असेल तर तिच्या छिद्रातून निघालेले ग्रीस त्वचा भेदून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढाच डाग दिसतो, पण ती शस्त्रक्रियेची तातडी असते, घरी थांबून पाहण्याची जखम नव्हे. आम्ही नळी नवी लावली.

किंगपिनना ग्रीस देताना चाके जमिनीवर असावीत की उचललेली, याबद्दल निर्मात्यांच्या सूचना ॲक्सलनुसार वेगळ्या असतात, आणि चर्चेत लोक आपल्या गाडीची पद्धत सर्वांना सांगतात. या ॲक्सलच्या पुस्तिकेत चाके जमिनीवर ठेवून, असे होते. त्याप्रमाणे डावीकडचे दोन्ही आणि उजवीकडचा खालचा किंगपिन, निपल बदलल्यावर, सुरळीत झाले: आधी काळे, मग तपकिरी, मग स्वच्छ ग्रीस थ्रस्ट बेअरिंगच्या कडेने आणि वरून बाहेर आले.

उजवा वरचा मात्र अडला. पहिल्याच पंपाला कपलर मागे सरकला आणि ग्रीस बाजूने सांडले. निपल बदलला; नव्या निपलवरही तेच. म्हणजे अडथळा निपलमागच्या वाटेत होता. निपल काढून बारीक तारेने वाट हलक्या हाताने मोकळी केली, तिच्यात भेदक तेल सोडले, आणि इथे पुस्तिकेपासून जाणूनबुजून एक पाऊल दूर जाऊन ॲक्सल उचलला व चाक अनेकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. गरम करण्याची सूचना एकाने केली. शेजारी रबरी नळ्या आणि सील असल्यामुळे ती नाकारली. रात्रभर तेल मुरू दिले. सकाळी चाके पुन्हा जमिनीवर घेऊन गन लावली तेव्हा चौथ्या पंपाला वरच्या कडेतून गंजाच्या रंगाचा पातळ चिखल बाहेर आला, त्यामागून काळे ग्रीस, आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ. तो गंजाचा चिखल पाहिल्यावर तीन पावत्यांवरचे ‘केले’ मला फार खटकले. त्या बुशात पाणी होते.

स्टिअरिंग शाफ्टचा आवळलेला क्रॉस तेल आणि ग्रीस यांनी दोन तासांत सुटला. प्रोपेलर शाफ्टकडे आलो तेव्हा पत्नींची चिवचिवाटाची नोंद आठवली. पुढच्या क्रॉसच्या एका कपाच्या सीलभोवती विटकरी रंगाची बारीक पूड होती. ही पूड म्हणजे ग्रीस संपल्यावर सुया आणि पिन एकमेकांवर घासून निघालेले लोखंड. ग्रीस दिल्यावर तीन कपांतून बाहेर आले, त्या चौथ्यातून नाही. शाफ्ट चारही दिशांना हलवला, कपावरचा ताण सैल करून पुन्हा पंप मारले, तरी नाही. लिहून ठेवलेल्या अटीप्रमाणे क्रॉस काढला. काढण्याआधी स्लिप योक आणि शाफ्ट यांवर जुळणीच्या खुणा केल्या, कारण योक चुकीच्या दाताला बसला तर दोन्ही टोकांचे क्रॉस एकमेकांशी जुळत नाहीत आणि नवीच थरथर सुरू होते. त्या कपातल्या सुयांनी पिनवर बोटाला लागतील एवढे खोल चरे पाडले होते. नवा क्रॉस बसवला आणि बसवल्यावर त्याला ग्रीस दिले. कारखान्यातून येताना त्यात असते ते फक्त वाहतुकीत भाग टिकावा एवढ्यापुरते. स्लिप योकला आधी टोकाच्या बारीक छिद्रातून ग्रीस दिसेपर्यंत, मग ते छिद्र बोटाने दाबून दुसऱ्या टोकाच्या सीलमधून दिसेपर्यंत दिले.

ब्रेकच्या कॅमशाफ्टबाबत धोका उलटा होता. तिथे कमी नव्हे, जास्त दिले गेले होते. मागच्या उजव्या चाकाला आतल्या सीलपाशी ग्रीसचा जाड कडा जमला होता. नीट बसवलेल्या सीलमधून जादा ग्रीस स्लॅक ॲडजस्टरच्या बाजूला बाहेर पडावे अशी रचना असते, पण जोराच्या हवेच्या गनपुढे सीलचे चालत नाही, आणि ग्रीस ब्रेक लायनरवर गेले तर लायनर बदलण्यावाचून इलाज नसतो. सुदैवाने ते लायनरपर्यंत पोहोचले नव्हते. आम्ही कडा पुसून काढला, त्या निपलला यावेळी काहीच दिले नाही आणि तसे कारणासह लिहून ठेवले.

एक चूक माझ्या हातून झाली. टाय रॉडच्या टोकांना आधीच पुरेसे ग्रीस होते, हे मी स्वतः लिहिलेल्या यादीत स्पष्ट होते. तरी बाकीच्या सांध्यांच्या ओघात डाव्या टोकाला पंप देत राहिलो, रबरी बूट फुगला आणि त्याची कड खोबणीतून सुटली. बूट फाटला नाही. साफ करून परत बसवता आला. फाटला असता तर तो सांधा पाणी आणि वाळू आत घेऊ लागला असता, म्हणजे मी ज्या दुखण्यावर उपचार करायला गेलो, तेच नव्याने सुरू करून आलो असतो.

निष्पत्ती

पहिल्या फेरीला दोन पूर्ण दिवस लागले. ड्रॅग लिंक जोडून, तिची नट-पिन निर्मात्याच्या मापाने आवळून गाडी रस्त्यावर घेतली तेव्हा वळणानंतर स्टिअरिंग हातातून आपोआप सरळ झाले. पतींनी तीच जागा चार वेळा वळून पाहिली. पार्किंगमधला कण्हण्याचा आवाज गेला, मागचा चिवचिवाट गेला. सरळ रस्त्यावरची दुरुस्ती बरीच कमी झाली, पूर्ण नाही. अशा उंच, सपाट बाजूंच्या गाडीवर वारा आपले काम करतोच, आणि तो दोष ग्रीसच्या माथी मारता येत नाही.

उजव्या किंगपिनचा प्ले ग्रीस भरल्यावर पुन्हा मोजला. तो आधीएवढाच निघाला, मर्यादेच्या आत. ५०० किलोमीटरनंतरच्या फेरीत उजव्या वरच्या बुशातून पुन्हा काळपट ग्रीस आले, बाकी सगळीकडून स्वच्छ. म्हणजे आत अजून मळ होता आणि दुसरी फेरी आवश्यक होती. तेव्हाही प्ले वाढलेला नव्हता, म्हणून बुश बदलण्याचा निर्णय पुढे ढकलला, सोडून दिला नाही.

वेगळे काय करता आले असते

मालकांच्या बाजूने पाहिले तर सर्वांत खर्चिक ठरला तो तपासणीचा क्रम. दोन टायर आणि दोन अलाइनमेंट यांच्या आधी अर्ध्या तासाची एक तपासणी पुरली असती: ॲक्सल उचलून, ड्रॅग लिंक सोडवून, चाके हाताने फिरवून पाहणे. पहिल्या अलाइनमेंटच्या वेळीच ती व्हायला हवी होती, कारण आवळलेल्या किंगपिनवर घेतलेले माप स्थिर गाडीचे खरे असले, तरी चालत्या गाडीबद्दल फारसे काही सांगत नाही.

पत्नींची आवाजाची नोंद कोणापर्यंत पोहोचली नाही, ही मला यातली सर्वांत मोठी हुकलेली संधी वाटते. मुख्य तक्रारीशी जुळत नाही म्हणून ती बाजूला राहिली. तो क्रॉस चालत्या गाडीत तुटला असता, तर सुटलेला शाफ्ट आसपासच्या हवेच्या आणि इंधनाच्या नळ्यांवर आदळला असता. वर्कशॉपमध्ये जाताना असंबद्ध वाटणारे आवाजसुद्धा लिहून द्यावेत, आणि घेणाऱ्याने ते वाचावेत.

माझ्या बाजूने, मी पहिल्या दिवशी सगळे निपल एका दमात पुरे करण्याचा आग्रह धरला नसता तर बूट सुटला नसता. कोरडे आठ आणि संशयास्पद दोन आधी, आणि बाकीच्यांना फक्त गरजेपुरते, असा क्रम यादीतच लिहायला हवा होता. शिवाय उजव्या बुशातून निघालेला चिखल मी पुसून टाकला. तो बाटलीत जपून ठेवला असता, तर पाणी कुठून शिरले, जोराच्या फवाऱ्याने चेसिस धुतल्यामुळे की सील फाटल्यामुळे, याचा काही अंदाज बांधता आला असता. सीलची कड वरून शाबूत दिसते, पण प्रश्न अजून उघडा आहे. तोपर्यंत त्या चाकाजवळ फवारा मारायचा नाही, असे ठरले आहे.

वर्कशॉपशी मालकांनी शांतपणे बोलणे केले. आता गाडी देताना ते एक तक्ता देतात. त्यात २२ ओळी आहेत, आणि प्रत्येक ओळीत निपलची जागा, तिथे पोहोचण्यासाठी चाक किंवा शाफ्ट कोणत्या स्थितीत हवा, किती पंप गेले, जुने ग्रीस कुठून बाहेर आले आणि त्याचा रंग काय, एवढे रकाने आहेत. ‘केले’ असा रकाना नाही. जिथून ग्रीस बाहेर आले नाही, तिथे रिकामी जागा न ठेवता ‘आले नाही’ असे लिहायचे आहे. तिथल्या मेकॅनिकने पहिल्यांदा तक्ता पाहून वेळ जास्त लागेल असे सांगितले, ते खरेच होते, आणि मालकांनी त्या वेळेचे पैसे देण्याचे मान्य केले. हे मान्य केल्याशिवाय तक्त्याचा आग्रह धरणे त्या मेकॅनिकवर अन्याय झाला असता.

सहा महिन्यांनंतरची फेरी साडेतीन तासांत झाली. तक्ता पत्नींनी पिटशेजारी उभे राहून भरला. मागच्या उजव्या कॅमशाफ्टसमोर ‘एक पंप, बाहेरच्या बाजूने, स्वच्छ’ असे आहे. उजव्या वरच्या किंगपिनसमोर लिहिले आहे: ‘चाक डावीकडे पूर्ण वळवून, तीन पंप, वरच्या कडेने, किंचित काळपट; प्ले मागच्याएवढाच; पुढच्या फेरीत पुन्हा मोजणे.’